खुलासा

शीर्षकात जागा नव्हती.
म्हणजे 'परवानाधारक' बसत नव्हतं दोन कॉलमात,
'भाडेपट्ट्यावरील' तर विचारूच नका.
रात्रीचे पावणेबारा, शहर आवृत्ती सुटायला नऊ मिनिटं.
मी 'अवैध' टाकलं.
तीन अक्षरं. चपखल बसलं.

गायरानावर अवैध खाणमजुरांचे अतिक्रमण

खाली: आमच्या प्रतिनिधीकडून.
प्रतिनिधी गेला नव्हता तिकडं.
वाघोलीच्या पुढं, जिथं बस वळते
आणि बाभळी बारा महिने पिठात लोळल्यासारख्या दिसतात,
तिथवर जायला दीड तास लागतो.
त्यानं तलाठ्याला फोन केला.
तलाठी कुणाच्या तरी लग्नात.
मागं सनई चालू होती, असं तो मला नंतर म्हणाला,
आकडा धड ऐकू आला नाही.
पाचशे सत्तावीसचं पाचशे सदतीस झालं.

सदतीस हे गायरान.
सत्तावीस ही सरकारी पड,
खाणकामगारांच्या संस्थेला पट्ट्यानं दिलेली,
शिक्क्यासकट.
मधे एक ओढा आहे. मला तो माहीत नव्हता.

आठ दिवसांनी पत्र्याच्या दारांवर नोटिसा लागल्या.
संदर्भ १ : दैनिकातील दि. १४ चे वृत्त.
संदर्भ २ नव्हताच.
आम्ही लगेच चौकट केली, पहिल्या पानावर:
आमच्या बातमीचा दणका.
पेढे आले होते त्या दिवशी. मी दोन खाल्ले.

मग नागव्वा इरकल आल्या.
खाली काउंटरवरच्या पोरानं विचारलं,
निधनवार्ता का? फोटो आणलाय?
त्या म्हणाल्या, अजून न्हाई.

वर आल्या, बसल्या नाहीत.
साखरेच्या पिशवीतून पावत्या काढल्या
आणि माझ्या टेबलावर मांडत गेल्या, कीबोर्डवर, डब्यावर,
गुलाबी रॉयल्टीच्या, पिवळ्या वाहतुकीच्या,
बावीस वर्षांच्या.
वाचता येत नाही, पण रंग चुकत नाहीत त्यांचे.
एका पावतीवर अंगठा होता, नवऱ्याचा.
तो सुरुंगात गेला त्याच्या आदल्या आठवड्यातला.
तीही बातमी आम्ही छापली होती म्हणे.
त्यातही नाव चुकलं होतं.

मी म्हणालो, कागदोपत्री खरं असेल तर
काळ्या दगडावरची रेघ आहे ही, बाई.
त्या हसल्या. पहिल्यांदाच.
म्हणाल्या, तुमच्यात रेघ म्हंजे खरं व्हय?
आमी रेघ मारतो ती फोडायला.
रेघ मारली की बघायचं, आता हितनंच तुटणार.
तुमी आमच्यावर मारली तशी.

संपादकांकडं गेलो.
ते शांत माणूस. चष्मा काढून म्हणाले,
आकडा चुकतो, आकडा दुरुस्त करू.
'अवैध' राहू दे.
शब्द मागं घ्यायचा म्हणजे भूमिका मागं घेणं.
मी सांगितलं नाही
की ती भूमिका नव्हती,
कॉलमची रुंदी होती.

सातव्या पानावर, सोन्याच्या भावाखाली:
'गट क्रमांक ५३७ ऐवजी ५२७ असे वाचावे.
तसदीबद्दल दिलगीर आहोत.'
तसदी कुणाला, ते लिहिलं नव्हतं.
आणि नीट वाचलं तर आता अर्थ असा होत होता
की पाचशे सत्तावीसवर अवैध अतिक्रमण आहे.
म्हणजे खुलाशानं आम्ही त्यांना
ओढ्याच्या अलीकडं, स्वतःच्याच जागेवर, पुन्हा चोर ठरवलं.
हे माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी,
बसमध्ये.

गेलो होतो. एक तास चाळीस मिनिटं.
कात्रण दाखवलं. दगडशाळेतल्या एका पोरीनं
बोट ठेवून वाचलं, 'दिलगीर'ला अडखळली.
नागव्वांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला,
मागं गॅस शेगडीची जाहिरात.
मग पहिली बातमी शेजारी धरली, ती जाड ठशातली,
आणि दोन्हींकडं बघत म्हणाल्या,
ते मोठ्यानं बोलला व्हता.
ह्ये एवढं हळू का?

तेवढ्यात क्रशर सुरू झाला.
मी काहीतरी म्हणालो असेन.